तो सिनेमा मी पाहिला नव्हता

लग्न ठरल्यावर, पण होण्याआधी, मी माझ्या होणाऱ्या नवऱ्याबरोबर एक इंग्रजी सिनेमा पाहिला. नगरला, कॅम्पातल्या थेटरात. त्या सिनेमाची गोष्ट यजमानांनी पुढं चाळीस वर्षं सांगितली. घरी पाहुणे आले, जेवणं झाली, की कुणीतरी हमखास म्हणायचं, "ते तुमचं अणुबाँबचं पिक्चर सांगा की." मग ते मांडी बदलून बसायचे.

यजमान पाटबंधारे खात्यात नकाशे काढायच्या कामाला होते. एरवी अबोल माणूस. भाजीत मीठ कमी पडलं तर मिठाची बरणी जवळ ओढतील, पण बोलणार नाहीत. ही एक गोष्ट मात्र ते जीव ओतून सांगत. इंग्लंडातलं समुद्राकाठचं एक गाव. गावाबाहेर तारेच्या कुंपणात सरकारी केंद्र, तिथं अणूचे प्रयोग चालतात. तिथल्या एका शास्त्रज्ञाला कळतं, की केंद्रातून सोडलेल्या पाण्यामुळं खाडीच्या गाळात काहीतरी वाढतंय. तो वरच्यांना सांगतो, वरचे त्याला वेडा ठरवतात. मग तो एकटाच, अंगात रेनकोट, हातात किरणं मोजायचं यंत्र, असा गाळात उतरतो. यंत्र टकटक करायला लागतं. यजमान ती टकटक जिभेनं काढत, आधी सावकाश, मग भराभर, आणि अंगणात बसलेली पोरं एकमेकांना चिकटून सरकत.

या गोष्टीत तीन ठिकाणी मी होते.

पहिल्यांदा, गाळातून तो हात बाहेर येतो तेव्हा. "तिकडं तो हात आला," यजमान सांगत, "आणि इकडं हिनं माझं मनगट असं धरलं, की नखांच्या खुणा दोन दिवस गेल्या नाहीत." सगळे माझ्याकडं बघून हसत. मी पदर सावरत आत जाई.

दुसऱ्यांदा, शेवटी भुयाराचं लोखंडी दार लावून स्फोट करायचा असतो आणि उलटी मोजणी सुरू होते तेव्हा. "टेन, नाईन, एट... पडद्यावर तो साहेब मोजतोय आणि माझ्या शेजारी ही पुटपुटत मोजतेय."

आणि तिसऱ्यांदा, थेटरातून बाहेर आल्यावर. ते माझ्या तोंडी एक वाक्य घालत. "बाहेर उन्हात आलो. मी विचारलं, कसा वाटला? तर ही म्हणाली, 'ज्याला उघडता येतं, त्याला मिटताही आलं पाहिजे.' बावीस वर्षांची पोर! मी तर बघतच राहिलो."

हे वाक्य आमच्या घरात म्हण झालं होतं. कुणी कपाटाचं दार उघडं टाकलं, नळ चालू ठेवला, की मुलगी म्हणायची, "आईचं वाक्य ऐकलं नाही का?" मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होते. निवृत्त झाले त्या दिवशी निरोपाच्या भाषणात मी मुलांना हेच वाक्य सांगितलं. मुलांनो, मी तुमच्याहून थोडीच मोठी होते तेव्हा मला सुचलं होतं, असं सांगून. टाळ्या वाजल्या.

आता माझीही एक गोष्ट सांगायला हवी, कारण तिच्याशिवाय पुढचं कळणार नाही.

मला शाळेत असल्यापासून चष्मा होता. नंबर बराच. मला बघायला यायचे तेव्हा आत्या माझा चष्मा काढून धान्याच्या कणगीवर ठेवायची. "बघून जाऊ दे त्यास्नी. मग घाल." यजमानांकडची मंडळी आली तेव्हाही तसंच झालं. मला समोर चार पांढरे डाग दिसले, त्यांतला एक नवरदेव होता. पुढं पसंती कळली, सुपारी फुटली. त्यांच्याकडून निरोप आला, की मुलामुलीनं एकदा नगरला एकत्र सिनेमा बघावा, हल्ली असं करतात. आईनं माझ्या थोरल्या भावाला बरोबर धाडलं. आणि निघताना चष्मा माझ्या हातातून काढून घेतला.

त्यामुळं तो सिनेमा मला दिसलाच नाही. इंग्रजी कळत नव्हतं आणि पडद्यावर नुसते रंग हलत होते. लग्नानंतर दोन महिन्यांनी डोकं दुखतं असं सांगून मी यजमानांबरोबर डोळ्यांच्या डॉक्टरांकडं गेले, तिथं चष्मा 'लागला'. त्यांना वाटलं, हिचे डोळे आत्ता बिघडले. मी ते तसंच राहू दिलं.

मग त्यांनी सिनेमाची गोष्ट पहिल्यांदा सांगितली तेव्हा मी काय बोलणार? हात मला दिसला नव्हता हे खरं, पण घाबरून मनगट धरलं असेल. थेटरात सगळे ओरडले असतील, मीही दचकले असेन. आकडे मला इंग्रजीत येत होतेच. आणि ते वाक्य? ते मी बोलले असं मला आठवत नव्हतं. पण आपल्याबद्दल कुणी इतकं चांगलं सांगत असेल तर कोण म्हणतं, नाही हो, मी नव्हे? दहा-पंधरा वर्षं ऐकल्यावर मला ते मनगट हाताला आठवायला लागलं. घामेजलेलं, घड्याळाचा चामडी पट्टा असलेलं. मी ते धरलं होतं याची मला खात्री झाली.

गेल्या हिवाळ्यात आमच्या लग्नाच्या वाढदिवसाला मुलगी पुण्याहून आली. आम्ही नगरजवळ केडगावात राहतो, ती सकाळीच पोचली. पर्समधून तिनं एक पेनड्राइव्ह काढला.

"ओळखा काय आहे. तीन महिने शोधत होते."

यजमान खुर्चीत सरळ झाले. "मिळाला?"

"मिळाला! इंग्लंडमधला एक म्हातारा जुने सिनेमे जमवतो. त्याला मेलवर मेल केले. आई, तुमचा सिनेमा!"

मला आनंद झाला. खरंच झाला. इतक्या वर्षांनी चष्मा लावून मी आमचा सिनेमा बघणार होते. दुपारी जेवणं उरकून मुलीनं पडदे ओढले, टीव्हीला पेनड्राइव्ह लावला. यजमान मधल्या सोफ्यावर, मी त्यांच्या शेजारी, मुलगी खाली सतरंजीवर.

सिनेमा सुरू झाला. काळापांढरा. पावसात भिजणारा रस्ता, तारेचं कुंपण, पाटी. मला वाटलं, सुरुवात अशी असेल, पुढं रंग येतील. काही सिनेमांत जुना काळ असा दाखवतात. रेनकोटवाला शास्त्रज्ञ आला, कार्यालयातले अधिकारी आले. रंग येईनात. पाव तास गेला, अर्धा तास गेला.

मला चष्म्याशिवाय माणसाचं नाक-डोळे दिसत नाहीत, पण लाल रंग दिसतो. त्या दिवशी कॅम्पातल्या थेटरात मी लाल रंग पाहिला होता. मोठा, पडदाभर. लाल, मग पिवळं माळरान, त्यावर धावणारे तपकिरी ठिपके. आणि टापांचा आवाज, जो मी पुढं यजमानांच्या त्या यंत्राची टकटक समजत आले. दोन तास मी ते रंगच बघत बसले होते, दुसरं करायला काही नव्हतंच.

गाळाचा प्रसंग आला. यंत्राची टकटक सुरू झाली, अगदी यजमान काढत तशी. मी पडद्यावरून नजर काढून त्यांच्याकडं पाहिलं. त्यांनी उजव्या हातानं स्वतःचं डावं मनगट धरलं होतं. डोळे भरले होते. खाली बसलेली मुलगीही पडदा बघत नव्हती, ती त्यांच्याकडं बघत होती. माझी नजर तिच्या नजरेला मिळाली तशी तिनं पटकन मान फिरवली.

सिनेमा संपला. दार बंद झालं, आकडे मोजून झाले, स्फोट झाला. यजमान म्हणाले, "चहा टाकतेस?" मी चहा टाकला.

मुलगी संध्याकाळच्या गाडीनं परत गेली. यजमान तिला स्टँडवर सोडायला गेले तेवढ्यात मी पारनेर तालुक्यात गावाकडं भावाला फोन लावला.

"दादा, माझं लग्न ठरल्यावर आपण नगरला सिनेमाला गेलो होतो. आठवतं का?"

"न आठवाया काय झालं? घोड्यांचं पिक्चर हुतं. गोरं लोक घोड्यावर बसून बंदुका उडवायचं. रंगीत हुतं लई भारी."

"आणि बसलो कसे होतो आपण?"

"कसं म्हंजे? मधी मी. एका अंगाला तू, एका अंगाला पाव्हनं. आईनं सांगूनच धाडलं हुतं, मधी बस म्हनून. मी शेंगा आनल्या हुत्या, पाव्हन्यानं एक बी खाल्ली न्हाई." तो हसला. "तुला काय दिसलं म्हना, चष्मा तर आईच्या पेटीत! का गं, काय झालं?"

"काही नाही," मी म्हणाले. "सहज."

फोन ठेवला आणि तशीच उभी राहिले. मधे दादा होता. हे तर मला माहीत होतं! शेंगांची टरफलं माझ्या साडीवर पडली होती, मी ती झटकली होती. पण चाळीस वर्षं ती गोष्ट ऐकून ऐकून मीच दादाला त्या खुर्चीवरून उठवलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी यजमान पेपर वाचत होते. मी समोर बसले.

"अहो, सिनेमाला आपल्या मधे दादा बसला होता."

त्यांनी पेपर खाली केला नाही.

"आणि तो सिनेमा घोड्यांचा होता. रंगीत."

पेपर हळूहळू खाली आला. त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि मला वाटलं, आता हे म्हणतील की तुझी काहीतरी चूक होतेय. त्यांनी तसं म्हटलं असतं तर मी कदाचित मानलंही असतं. पण त्यांनी पेपराची घडी घातली.

"ते मनगट धरणारी कोण होती?" मी विचारलं.

ते म्हणाले, "श्रीरामपूरची होती. इथं दवाखान्यात कामाला. एक्स-रे काढायच्या खोलीत."

मग त्यांनी सांगितलं, अगदी नकाशा समजावून सांगावा तसं. नोकरीला लागल्यावर पहिल्याच वर्षी कामावर असताना त्यांच्या हाताचं हाड मोडलं होतं. त्यांचा एक्स-रे तिनं काढला. ती ख्रिश्चन होती. दोन वर्षं ओळख होती. कॅम्पात सकाळच्या खेळाला जुने इंग्रजी सिनेमे लागायचे, तिला इंग्रजी येत होतं, ती पडद्यावरचं त्यांना कानात मराठीत सांगायची. अणू म्हणजे काय, किरणं म्हणजे काय, हे त्यांना तिनं शिकवलं. रोज शिशाचा जड एप्रन घालून ती काम करायची. सिनेमातला हात आला तेव्हा तिनंच मनगट धरलं. आकडे तिनंच मोजले.

"आणि ते वाक्य?"

त्यांनी मान खाली घातली. "तिचंच."

"लग्न का नाही केलंत?"

"दादांना सांगितलं होतं." दादा म्हणजे माझे सासरे. "ते म्हणाले, कर. पण मग तुझ्या आईच्या तेराव्याला सुद्धा या दारात यायचं नाही. आई तेव्हा आजारी होती. मी एक्स-रेच्या खोलीत जाऊन तिला सांगितलं, जमत नाही म्हणून. ती बदली मागून गेली निघून. चार महिन्यांनी तुला बघायला आलो."

सासूबाई त्यानंतर अठरा वर्षं जगल्या. त्यांचं सगळं मीच केलं. हे मी तेव्हा बोलले नाही, पण माझ्या मनात पहिलं हेच आलं.

"तिला नाही म्हणालात, ते तुमचं तुम्ही जाणा," मी म्हणाले. "लग्नाआधी तुमचं कुणावर मन होतं, याचाही मला राग नाही. त्या काळात अशी शंभर घरं असतील. पण तिला माझं नाव का दिलंत?"

"मला ते कुणाला तरी सांगायचं होतं गं. एकदा पाहुण्यांत तोंडून निघून गेलं, मी आणि ती सिनेमाला गेलो होतो तेव्हा... सगळ्यांना वाटलं, ती म्हणजे तू. मी दुरुस्त केलं नाही. मग पुढच्या वेळी तसंच सांगितलं."

"चाळीस वर्षं?"

"तूही कधी नाही म्हणाली नाहीस."

हे त्यांनी वार करायला म्हटलं नव्हतं, मला माहीत आहे. पण मी उठून आत गेले आणि दार लावून घेतलं. निरोपाच्या भाषणातल्या त्या टाळ्या माझ्या कानात वाजत होत्या. समोर मुलं, सहकारी शिक्षक, केंद्रप्रमुख, आणि हार घालून उभी असलेली मी दुसऱ्या बाईचं वाक्य माझं म्हणून सांगतेय. आणि पहिल्या रांगेत यजमान बसलेले. त्यांनीही टाळ्या वाजवल्या होत्या.

दुपारी मुलीचा फोन आला. यजमानांनीच तिला कळवलं असावं, कारण ती "आई" म्हणाली आणि थांबली.

"तुला माहीत होतं," मी म्हणाले.

"हो."

"कधीपासून?"

"माझ्या लग्नाच्या वेळेपासून."

इथं ते लग्न सांगायला हवं. तिनं तिच्या वर्गातल्या मुलाशी लग्न ठरवलं होतं. घर बौद्ध. मुलगा उत्तम, नोकरी चांगली, आईवडील दोघं शिकलेले. पण मी अडून बसले. आमच्या पाहुण्यांत काय म्हणतील, एवढं एकच माझं म्हणणं होतं आणि तेवढ्यासाठी मी दोन दिवस जेवले नाही. आज मला त्याची लाज वाटते. तेव्हा यजमान, जे कधी कुणापुढं बोलत नसत, ते माझ्यापुढं उभे राहिले. "पोरीचं लग्न तिथंच होईल. तुला यायचं तर ये." मी हादरले. नंतर वाटलं, हा माणूस माझ्यापेक्षा किती मोठ्या मनाचा आहे! त्यांच्यामुळं मी बदलले. जावयाला मुलासारखं मानायला शिकले. मैत्रिणींना मी सांगायची, आमच्यात खरे शिकलेले हेच.

आता कळलं, की त्या दोन दिवसांत, मी उपाशी आत पडलेली असताना, बापलेक गच्चीवर बसले होते आणि तो तिला एक्स-रेच्या खोलीतली गोष्ट सांगत होता.

"सिनेमाचंही सांगितलं होतं?"

"हो आई."

"म्हणजे तुला माहीत होतं, की तो सिनेमा माझा नाही. तरी माझ्या लग्नाच्या वाढदिवसाला..."

"पप्पांना एकदा बघायचा होता. त्यांचं हृदयाचं निघालं ना, तेव्हापासून म्हणत होते. एकट्यांना लावून दिला असता तर तू विचारलं असतंस, कशाला म्हणून. मला वाटलं, तू आपली खुशीनं बघशील, तेही बघतील. कुणाला काही कळणार नाही."

"तुमचा सिनेमा म्हणालीस मला. पर्समधून काढताना."

ती रडायला लागली. "मी तुला सांगायला हवं होतं. पण तेव्हा सांगितलं असतं तर तू माझ्या लग्नाला आली असतीस का? खरं सांग."

मी खरं सांगितलं. "नसते आले."

"मग?"

"मग काय. तरीही सांगायला हवं होतं."

त्याच आठवड्यात मी पिशवी भरून माळीवाड्याच्या स्टँडवरून एसटीनं गावी भावाकडं गेले. यजमानांना सांगितलं, दादाकडं जाते, कांद्याची लागण आहे. त्यांनी विचारलं नाही कधी येणार. अकरा दिवस राहिले. वहिनी हुशार, तिनं काही विचारलं नाही, फक्त रोज माझ्या ताटात आधी वाढायची. मी बायकांबरोबर वाफ्यात बसून रोपं लावली. कंबर धरली, पण बरं वाटलं.

तिथं असताना मी त्या बाईचा विचार पुष्कळ केला. राग तिचा येत नव्हता. उलट वाटायचं, तिचंही चोरलंच की यांनी. ती कुठं असेल, असली तर तिला माहीत नसेल, की तिचं वाक्य केडगावातल्या एका घरात नळ बंद करायला वापरतात. राग यायचा तो माझ्या हाताचा. त्याला अजून ते मनगट आठवत होतं. घाम, चामडी पट्टा. मला माहीत होतं की ते खोटं आहे, आणि तरी ते जात नव्हतं. माझ्या तरुणपणाची एवढी एकच धीट आठवण माझ्याजवळ होती, आणि ती माझी नव्हती.

बाराव्या दिवशी सकाळी यजमान आले. फाट्यावर उतरून पायी आलेले, धुळीनं माखलेले. दादानं त्यांना पाणी दिलं आणि "गुरं पानी पाजून येतो" म्हणून निघून गेला. आम्ही दोघं ओट्यावर बसलो.

"चल," ते म्हणाले. "घरी."

"एक विचारते, त्याचं उत्तर द्या. मग बघू."

"विचार."

"आपण दोघं खरोखर सिनेमाला गेलो होतो, दादा मधे होता, त्या दिवसाचं तुम्हाला काय आठवतं?"

त्यांनी विचार केला. प्रामाणिकपणे केला, मी त्यांचा चेहरा बघत होते. समोरच्या लिंबाखाली कोंबडी पिल्लं घेऊन फिरत होती, ते तिच्याकडं बघत राहिले.

"काही नाही आठवत," ते म्हणाले.

"सिनेमा?"

"नाही."

"थेटरातून बाहेर आल्यावर आपण कुठं गेलो?"

"नाही गं."

"मी कोणती साडी नेसले होते?"

त्यांनी मान हलवली. मग हळूच म्हणाले, "त्या थेटरात पुन्हा पाय टाकवत नव्हता. माझ्या बहिणीनं ठरवलं सगळं, मला नाही म्हणता येईना. मी सगळा वेळ डोळे मिटून बसलो होतो."

मला हसू फुटलं. ते बावरले. मी त्यांना चष्म्याचं सांगितलं. आत्या, कणगी, आईची पेटी, डोळ्यांच्या डॉक्टरांपुढचं माझं डोकं दुखणं, सगळं. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. त्यांचा चेहरा क्षणभर उजळला.

"म्हणजे तूही..."

"हो, मीही. पण बरोबरी करू नका," मी म्हणाले. "मी चष्मा लपवला. लग्नाआधीचा माझा तेवढा एक दिवस होता तुमच्याबरोबरचा, तो तुम्ही पुसून त्यावर दुसरा लिहिलात. आणि मग तोच मला रोज वाचून दाखवलात. आपल्या लेकीनंही दाखवला."

त्यांनी रुमालानं कपाळाचा घाम पुसला. मला त्यांच्या हृदयाच्या गोळ्यांची आठवण झाली, विचारलं, "सकाळची गोळी घेतलीत का?" नव्हती घेतली. पिशवीतही नव्हती आणली. मग मी वहिनीला सांगून त्यांना भाकरी खायला लावली, आणि दुपारच्या एसटीनं आम्ही दोघं नगरला परतलो. मी परत गेले ती गोळीसाठी गेले, असंच मी स्वतःला सांगते.

तेव्हापासून त्यांनी ती गोष्ट कुणाला सांगितलेली नाही. पाहुणे विचारतात, ते म्हणतात, आता विसरलो. मुलगी महिन्यातून एकदा येते. ती येते तेव्हा मी तिच्या आवडीचं करते, ती जेवते, आम्ही बोलतो. पण ती बापाच्या खोलीत गेली आणि दार अर्धं लोटलं गेलं, की माझे हात कणकेत थांबतात. यापूर्वी ते कधी थांबत नव्हते.

यजमान मात्र बदलले. सकाळी चहा घेताना ते त्या दिवसाबद्दल विचारायला लागले आहेत, परीक्षेला बसलेल्या मुलासारखे. ऊन होतं का, दादानं खरंच शेंगा आणल्या होत्या का, मी काही बोललो होतो का तुझ्याशी. मी थोडं थोडं सांगते. ऊन होतं. शेंगा भाजलेल्या होत्या. तुम्ही एकदाच बोललात, बाहेर पडताना, 'पायरी आहे, जपून' असं. मला पायरी दिसत नव्हती, म्हणून ते मला फार आवडलं होतं.

हे त्यांनी मला पुन्हा एकदा सांगायला लावलं.

काल पुन्हा विचारत होते, साडी कोणती होती? नंतर सांगेन, मी म्हणाले. मला ती साडी काठापदरासकट आठवते. पण अजून सांगितलेली नाही.